वर्गाचे सामाईक दप्तर : प्रस्तावना

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे छापून वाचकांच्या हाती दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे त्यांनी मानले नाही. कोणता कागद विश्वसनीय, कोणता संशयास्पद, बखरकाराचे कथन समकालीन पत्रांशी कोठे जुळते आणि कोठे फाटते, याची चिकित्सा करणारी विस्तृत प्रस्तावना त्यांनी त्या पत्रांच्या आधी ठेवली. आणि त्या चिकित्सेमुळेच तो खंड केवळ कागदांचा संग्रह न राहता महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाच्या पायाचा दगड ठरला. साधन जमविणे हे एक काम, आणि जमविलेल्या साधनाविषयी चारचौघांसमक्ष जबाबदारीने आपले मत नोंदविणे हे त्याहून अवघड असे दुसरे काम. पुढील पानांचा विषय शाळेच्या वर्गात सामाईक वाचनखुणांचा उपयोग कसा करावा हा असला, तरी त्यांचे खरे प्रतिपाद्य हे की, ते दुसरे काम तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिकविता येते आणि शिकविले पाहिजे. हे प्रतिपाद्य मला सर्वस्वी मान्य असल्यामुळेच नोएडासारख्या, मराठी ग्रंथव्यवहारापासून दूरच्या शहरी बसून ही प्रस्तावना लिहिण्याचे मी आनंदाने पत्करले.

सामाईक वाचनखूण म्हणजे काय, हे ज्या शिक्षकबंधुभगिनींना अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. महाजालावर वाचताना एखादे पान पुन्हा पाहावेसे वाटले, तर त्याचा पत्ता आपल्या ब्राउझरमध्ये बुकमार्क म्हणून जपून ठेवण्याची सोय आरंभापासून होती. पण ती खूण मुळात ज्याची त्यानेच पाहावयाची. २००३ साली जोशुआ शॅक्टर या अमेरिकन तंत्रज्ञाने ‘डिलिशस’ नावाची सेवा सुरू करून ही खूण खासगी पेटीतून काढून सार्वजनिक फळ्यावर मांडली. जपलेला दुवा, त्याला आपण दिलेले टॅग आणि त्याखाली लिहिलेला शेरा हे सारे इतरांना दिसू लागले. हेच पान आणखी किती जणांनी जपले आहे तेही दिसू लागले. आणि एका टॅगवर बोट ठेवताच त्या विषयावर अनोळखी माणसांनी वेचून ठेवलेले साहित्य समोर येऊ लागले. २००६ साली आलेल्या ‘डीगो’ने त्यापुढे पाऊल टाकून पानावरील नेमक्या ओळी रंगवून ठेवण्याची, त्यांच्या समासात टिपण चिकटविण्याची आणि शिक्षकाने आपल्या वर्गाचा स्वतंत्र गट चालविण्याची व्यवस्था केली. या सर्वांमागची कल्पना मात्र पुष्कळच जुनी आहे. व्हॅनेवार बुश या शास्त्रज्ञाने १९४५ साली लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध लेखात अशा यंत्राची कल्पना मांडली होती की, ज्यात वाचक एका लेखापासून दुसऱ्या लेखापर्यंत आपली पायवाट आखून ठेवील आणि ती पायवाट जशीच्या तशी मित्राच्या स्वाधीन करू शकेल.

आता नोएडाकडे वळतो. हे शहर ज्या औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाते, ते प्राधिकरण १९७६ साली स्थापन झाले. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांमधील गावांच्या शेतजमिनीवर सेक्टरांचे आकडे पडले, आणि अर्ध्या शतकाच्या आत देशाच्या प्रत्येक प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी ते भरून गेले. ज्या महाराष्ट्रात रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालापासून वाचकांची सेवा करीत आले आहे, तेथून आलेल्या माणसाला येथे जी उणीव प्रथम जाणवते ती संचिताची. पिढ्यान् पिढ्या साठत गेलेली कपाटे, त्या कपाटांतील प्रत्येक पोथीची हकीकत सांगू शकणारा वयोवृद्ध ग्रंथपाल, जिल्ह्याच्या इतिहासावर हौसेने टिपणे काढणारा निवृत्त मुख्याध्यापक, हे सारे नव्या शहराला कोठून मिळणार? येथील विद्यार्थ्याचे ग्रंथालय बहुतांशी त्याच्या हातातील यंत्रात आहे, आणि त्या ग्रंथालयाला दार आहे, पण सूची नाही. म्हणूनच वर्गाने स्वतःची सूची स्वतः रचावी हा विचार पुण्या-मुंबईपेक्षाही या शहरात अधिक निकडीचा आहे, असे माझे मत आहे.

याच शहराच्या सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुख्यालय आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी असेल. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून अंकुरलेली, १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्वतंत्र झालेली आणि २००२ पासून सध्याचे नाव धारण करणारी ही संस्था माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमातूनही शिक्षण देते. शाळा सुटलेली मुलगी, दिवसभर कामावर जाणारा तरुण, अशा विद्यार्थ्यांसमोर रोज उभा राहणारा शिक्षक नसतो. छापील पाठ आणि अधूनमधून भरणारे संपर्कवर्ग एवढ्यावर त्यांना भिस्त ठेवावी लागते. अशा विद्यार्थ्यांपाशी दुसऱ्या कोणी आस्थेने निवडलेल्या आणि ‘हे आधी वाच, ते नंतर वाच, आणि अमुक पानावरील आकडा जुना आहे हे लक्षात ठेव’ असे सांगणाऱ्या दुव्यांचा संग्रह असणे हे जवळजवळ शिक्षक जवळ असण्यासारखे आहे. पुढील पानांत मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी जे विवेचन आले आहे, ते म्हणूनच मला सर्वांत मोलाचे वाटले.

परंतु तत्त्व कितीही सांगितले, तरी उदाहरणावाचून ते मनावर ठसत नाही. म्हणून येथे एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो, आणि ते मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. नोएडातील गोल्फ मैदानाच्या आवारात एक स्मारक उभे आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात, म्हणजे तेव्हाच्या पटपडगंजच्या बाजूस, दौलतराव शिंदे यांची फौज आणि जनरल लेक याच्या हाताखालील कंपनी सरकारची फौज यांच्यात लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य सेनापती पेराँ हा आधीच शत्रूच्या आश्रयास गेला होता आणि सैन्याचे आधिपत्य लुई बूर्कें या फ्रेंच सरदाराकडे होते. लेकने माघारीचा देखावा करून शिंद्यांच्या पलटणींना त्यांच्या मोर्चांबाहेर काढले आणि मग उलटून हल्ला चढविला. त्या एका दिवसाने दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. काही दिवसांतच लेकने दिल्लीत प्रवेश करून वृद्ध, अंध बादशहा शाहआलम याची भेट घेतली. आणि वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. महादजी शिंदे यांनी ज्या दिल्लीची सूत्रे हाती घेतली होती ती दिल्ली जेथे हातची गेली, त्या भूमीवर आज नोएडातील मुले राहतात, खेळतात आणि शाळेत जातात.

समजा, आठवीच्या एखाद्या वर्गाने या लढाईविषयी सामाईक वाचनखुणा जमविण्यास आरंभ केला. पहिला दुवा बहुधा इंग्रजी विकिपीडियाचा येईल. मग कोणी मेजर विल्यम थॉर्न याचा १८१८ साली प्रसिद्ध झालेला युद्धवृत्तान्त शोधून काढील, कोणाला सर जदुनाथ सरकार यांच्या मोगल साम्राज्याच्या अस्तावरील ग्रंथाचा चौथा खंड सापडेल, जो याच १८०३ सालाशी येऊन थांबतो, घरी मराठी बोलणारी एखादी मुलगी आजोबांना विचारून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’चे नाव आणील, आणि कोणी त्या स्मारकाचे छायाचित्र जपून ठेवील. एवढे दुवे झाले म्हणजे अभ्यास झाला असे जर शिक्षकाने मानले, तर तो निव्वळ पत्त्यांचा ढीग होईल. अभ्यासाला खरा आरंभ होतो तो शेऱ्यापाशी. थॉर्न हा स्वतः लेकच्या मोहिमेत होता, म्हणून तो प्रत्यक्षदर्शी आहे. पण तो एका पक्षाचा प्रत्यक्षदर्शी आहे, आणि आपल्या सेनापतीचा गौरव करणे हा त्याच्या लेखनाचा एक हेतू आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. स्मारक हा पुरावा खराच, परंतु तो विजेत्यांच्या बाजूच्या मृतांचा पुरावा आहे; शिंद्यांच्या पलटणींतील जे शिपाई त्या दिवशी पडले त्यांच्यासाठी तेथे दगड नाही, हेही लिहावे लागते. जदुनाथांनी कोणकोणत्या भाषांतील कागद वापरले, सरदेसायांनी कोणते, हे तपासावे लागते. राजवाड्यांनी बखरींना जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न येथे एक मुलगी एका दुव्याला विचारीत असते. आणि तिचा शेरा वर्गातील पस्तीस-चाळीस जण वाचणार असल्यामुळे ती ते काम वहीत लपवून ठेवण्याजोग्या बेफिकिरीने करू शकत नाही. दुसरा विद्यार्थी त्याच दुव्याखाली आपला वेगळा शेरा लिहितो, तिसरा त्या दोघांची तुलना करतो, आणि मग शिक्षकाने तोंडातून एक शब्द न काढताही वर्गात वाद सुरू होतो. असा वाद ज्या वर्गात झाला त्या वर्गाला १८०३ हे साल पाठ करावे लागत नाही.

दुसरे उदाहरण वर्तमानातले आहे, ते थोडक्यात देतो. दर हिवाळ्यात या शहराची हवा इतकी बिघडते की शाळा बंद ठेवण्याचे हुकूम निघतात, आणि मुलांना हवेच्या निर्देशांकाचा आकडा वर्गात शिकविण्याआधीच घरी पाठ झालेला असतो. पण एकाच सकाळी दोन ठिकाणी दोन अगदी वेगळे आकडे का दिसतात, हे मोठ्या माणसांनाही बहुधा सांगता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक २०१५ पासून अमलात आहे. तो आठ प्रदूषकांचा विचार करतो, सूक्ष्म धूलिकणांसाठी चोवीस तासांची सरासरी घेतो आणि ५०० या आकड्यावर थांबतो. उलट कित्येक खासगी ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात आणि तासातासाची स्थिती दाखवितात. शिवाय पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० साली दिल्लीसाठी उभारलेली ‘सफर’ ही प्रणाली आहे. हे तिन्ही दुवे शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाखाली ‘हा आकडा कोणी, कोठे आणि कोणत्या मोजपट्टीने घेतला’ एवढे विद्यार्थ्याकडून लिहून घेतले, तर सेक्टर ६२ मधील मापनकेंद्राचा आकडा आणि आईच्या फोनवरचा आकडा यांतील तफावत त्याला उमगते. आणि ज्याला ही तफावत उमगली तो विद्यार्थी पुढे कोणताही आकडा मूळ विचारल्याशिवाय स्वीकारणार नाही.

टॅगांच्या बाबतीत मात्र या साधनांच्या पुरस्कर्त्यांचा उत्साह मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. कपाटात ग्रंथ एकाच फळीवर ठेवता येतो, टॅगांमुळे एकच दुवा दहा ठिकाणी सापडतो, हे खरे. पण ही अडचण शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विबिंदु वर्गीकरणात, पुढे विषयाची व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशी पाच अंगे कल्पून, फार मोठ्या शिस्तीने सोडविली होती. टॅग लावणाऱ्याला ती शिस्त कोणी शिकवीत नाही. एक मुलगा ‘हिंडन’ लिहितो, दुसरा ‘हिण्डन’, तिसरा ‘नदी’, चौथा ‘नद्या’, पाचवी मुलगी ‘नदीचे प्रदूषण’. आणि यंत्राच्या दृष्टीने हे पाच वेगळे विषय ठरतात. मराठीत आणखी एक छुपी अडचण आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निराळ्या पद्धतींनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा हरवतो. म्हणून वर्षाच्या प्रारंभीच वर्गाने आपसांत ठरवून टॅगांची एक छोटी यादी करावी, नाम एकवचनी आणि मूळ रूपात लिहावे, स्थळ, काळ आणि विषय असे निदान तीन टॅग प्रत्येक दुव्याला असावेत, आणि यादीत नवा शब्द घालावयाचा तर तो सर्वांच्या संमतीने घालावा, असा जो नियम पुढे सुचविला आहे त्याला माझा आग्रहाचा दुजोरा आहे. पेशवे दप्तरातील रुमालांतून निवडक कागद काढून सरदेसाई यांना पंचेचाळीस भाग संपादता आले, त्याचे श्रेय त्यांच्या दीर्घ परिश्रमांइतकेच, कागद बांधून ठेवणाऱ्या आणि त्यांवर नोंदी करणाऱ्या अनाम कारकुनांनाही आहे.

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक आणि महाजाल यांची सांगड घालण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत छापून त्यांमागे श्राव्य आणि दृश्य पाठ जोडले. राज्याने पुढे ती रीत स्वीकारली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्याविषयी मला अत्यंत आदर आहे. सामाईक वाचनखुणांचा मार्ग मात्र त्याच्या पुढच्या टप्प्याचा आहे. तेथे दुवा शिक्षक निवडतो आणि विद्यार्थी उघडतो. येथे दुवा विद्यार्थी निवडतो आणि निवडीचे कारण देतो. पहिल्या टप्प्यावाचून दुसरा गाठता येत नाही, पण पहिल्याशीच थांबणे हेही माध्यमिक शाळेला शोभत नाही.

शिक्षकांकडून येणारा आक्षेप ठाऊक आहे: वेळ कोठे आहे? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि ज्यांच्या माथी पन्नास वह्या, परीक्षांचे वेळापत्रक आणि सरकारी माहितीचे तक्ते आहेत त्यांना तो करण्याचा हक्क आहे. त्यावर माझे उत्तर इतकेच की, दुवे कमी मागावेत. एका विद्यार्थ्याने पंधरवड्यात एकच दुवा आणावा, पण त्याखाली स्वतःच्या भाषेत पाच वाक्यांचा शेरा असावा: लेखक कोण, कधी लिहिले, काय सांगितले, काय सांगितले नाही, आणि वर्गातील कोणी हे का वाचावे. शंभर दुव्यांचे ओझे तपासण्यापेक्षा असे चाळीस शेरे वाचणे शिक्षकालाही ज्ञानप्रद होते. मूल्यमापनात गुण द्यावयाचे ते दुव्यांच्या संख्येला देऊ नयेत. शेऱ्याला द्यावेत, आणि दुसऱ्याच्या शेऱ्यावर केलेल्या सप्रमाण आक्षेपाला त्याहून अधिक द्यावेत.

सेवांच्या भरवशावर विसंबून राहू नये, हा इशारा मात्र स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. २००५ साली याहूने विकत घेतलेले डिलिशस नंतर अनेक हातांतून फिरले आणि २०१७ साली ‘पिनबोर्ड’च्या मालकाने ते घेऊन त्यात नवी भर घालणे बंद केले, संशोधकांसाठीची ‘कनोटिया’ २०१३ साली आणि ‘साइटयूलाइक’ २०१९ साली मावळली, लक्षावधी वाचकांचा ‘पॉकेट’ जुलै २०२५ मध्ये बंद झाला. पानांचेही तेच. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले. यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. बहुतेक सर्व सेवा आपल्या खुणा एका साध्या धारिकेत उतरवून देतात, आणि ती धारिका कोणत्याही ब्राउझरला वाचता येते. दर सत्राअखेर ती उतरवून शाळेच्या संग्रहात रुजू करावी. महत्त्वाचे पान इंटरनेट आर्काइव्हच्या संचयात साठवून त्याचा पत्ताही शेऱ्यात नोंदवावा. आणि वर्गाचे खाते शिक्षकाच्या नावे असावे, मुलांची खरी नावे आणि छायाचित्रे त्यात नसावीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची जी अट घातली आहे, तिची ओळख प्रत्येक शिक्षकाला असली पाहिजे.

शेवटी भाषेविषयी. नोएडातील शाळांत मराठी कुटुंबांतील मुले हिंदी आणि इंग्रजीतून शिकतात. मराठी त्यांच्या वाट्याला घरच्या बोलण्यापुरती येते. १९५४ साली दिल्लीत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी भूषविले होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश साकारला, आणि तो आज महाजालावर कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. दिल्लीत पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये संमेलन भरले. पण संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो, आणि विश्वकोशाचा दुवा कोणी मुलाच्या हाती ठेवला नाही तर तो त्याच्यापुरता नसल्यासारखाच राहतो. दिल्ली परिसरातील मराठी पालकांना माझी विनंती आहे की, वर्गाच्या संग्रहात आपल्या पाल्याने महिन्यातून एक तरी मराठी दुवा घालावा, आणि त्याखालचा शेरा मराठीत लिहावा. वर्गातील इतरांसाठी त्याने तो हिंदीत समजावून सांगितला तर त्याच्या दोन्ही भाषा सुधारतील.

वाचकांनी ही पाने क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. यंत्राची माहिती देणारी प्रकरणे काळानुसार जुनी होतील आणि ती तशी झाली म्हणून खंत बाळगण्याचे कारण नाही. शेरा कसा लिहावा हे सांगणारे प्रकरण मात्र प्रत्येक शिक्षकाने सर्वांत आधी वाचावे, आणि विद्यार्थ्यांना काही सांगण्यापूर्वी आपण स्वतः निवडलेल्या एका दुव्याखाली पाच वाक्ये लिहून ती वर्गासमोर तपासणीसाठी ठेवावीत.